जुन्या डिस्क, नवे कन्सोल आणि कुलूप : हॅकिंग-होमब्रूबाबत कंपन्यांनी काय करावं?

माळ्यावरचा_डबा

दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावरून बुटांचा एक खोका खाली आला. आत माझ्या कॉलेजच्या दिवसांतल्या कन्सोलच्या, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्राच्या, २३ डिस्क, दोन मेमरी कार्डं आणि वायर गुंडाळलेला रिमोट. पुतण्या अकरा वर्षांचा आहे. त्याने लगेच एक डिस्क पुसली आणि हॉलमधल्या नव्या कन्सोलमध्ये सरकवली. चालली नाही. "काका, साधी डीव्हीडीच आहे ना ही? मग याला वाचता का येत नाही?"

वाचता येतं बाळा, चालवता येत नाही, असं सांगितलं. पण "का" हे काही नीट सांगता आलं नाही. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय, म्हणून हा धागा.

माझं मत आधीच मांडतो. कन्सोल उघडू बघणारी माणसं दोन जातीची असतात. एकाला त्यावर स्वतःचं काहीतरी चालवून बघायचं असतं (यालाच होमब्रू म्हणतात), दुसऱ्याला फुकट गेम हवे असतात. कंपन्या दोघांना एकाच दावणीला बांधतात आणि मग पहिला दुसऱ्याच्या मदतीला जातो.

सोनीच्या प्लेस्टेशन ३चं, म्हणजे पीएस३चं उदाहरण घ्या. २००६ साली तो आला तेव्हा सोनीने स्वतःच त्यात 'अदर ओएस' नावाची सोय दिली होती. त्यावर लिनक्स ही संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम चालायची. अमेरिकेच्या हवाई दलाने १,७०० हून जास्त पीएस३ एकत्र जोडून महासंगणक उभा केला, तो याच सोयीच्या जोरावर. मग १ एप्रिल २०१० च्या ३.२१ या अपडेटने ती सोय काढून घेतली. अपडेट नाकारलं तर ऑनलाइन खेळणं बंद. त्याच वर्षी डिसेंबरात बर्लिनच्या परिषदेत 'फेलओव्हरफ्लो' या गटाने सगळ्या जगासमोर पीएस३ची सुरक्षा उलगडून दाखवली. लिनक्स होतं तोवर जाणकार लोक या यंत्राच्या वाटेला गेले नाहीत, ते काढल्यावर गेले, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते पटतं.

तर प्रश्न असा : कंपन्यांनी नेमकं काय करावं? आणि जुने गेम नव्या यंत्रावर चालावेत ही मागणी रास्त आहे की लाड आहेत?

चिंचपोकळी_चॅम्प

रुमाल टाकून ठेवतो. रात्री येतो.

सोल्डर_वायर

दादा, तुम्ही दोन जाती म्हणालात. मी दोन्ही पाहिल्यात, टेबलाच्या पलीकडून.

२००४ ते २००९ मी लॅमिंग्टन रोडच्या एका गाळ्यात पीएस२ला कुलूप चुकवणारी चिप बसवायचो. आधी मागचा स्टिकर बघायचा, कारण मॉडेलगणिक बोर्ड वेगळा. मग केसाएवढ्या वायरी, वीसच्या आसपास, एकेक करून बायोसच्या (यंत्र सुरू करणाऱ्या चिपच्या) पायांना जोडायच्या. भिंग डोळ्याला, श्वास रोखलेला, फ्लक्सचा धूर नाकात. एक वायर शेजारच्या पायाला टेकली तर मशीन सुरूच व्हायचं नाही, मग पुन्हा पहिल्यापासून. सगळं जमलं की वरून गरम गोंदाचा थेंब.

खरं सांगतो, येणारं जवळजवळ प्रत्येक गिऱ्हाईक शंभर रुपयांच्या चोरीच्या डिस्कसाठी यायचं. 'होमब्रू' हा शब्द उच्चारणारा एकच आठवतो. व्हीजेटीआयचा मुलगा होता. घरी बर्न केलेली सीडी घेऊन आला. म्हणाला, यात माझा स्वतः लिहिलेला गेम आहे, टीव्हीवर चालवून बघायचाय. चिप बसवली, सीडी टाकली. काळ्या पडद्यावर हिरवे चौकोन जोडून केलेला साप सरपटायला लागला. एवढंच. पण दुकानातले चार जण काम सोडून उभे राहिले. ज्या यंत्रावर सगळे परदेशातले गेम चालायचे, त्याच्यावर दादरच्या पोराने लिहिलेली गोष्ट चालली होती. मी त्याच्याकडून मजुरी घेतली नाही.

बाकीच्यांकडून घेतली. त्या कामाचा आज अभिमान वाटत नाही. पण त्या एका मुलाला माझ्याकडे यावं लागलं, म्हणजे चोरीच्या डिस्क विकणाऱ्या गल्लीत यावं लागलं, हे मला तेव्हाही खटकलं होतं. त्याला सरळ दरवाजा असायला हवा होता.

रँक्ड_रघू

सापाची गोष्ट छान आहे, पण ऑनलाइन खेळणाऱ्यांचं काय? समोरचा उघडलेल्या कन्सोलवर फसवणूक करून भिंतीआडून गोळ्या घालतो तेव्हा "तो प्रयोगशील आहे" म्हणून मी गप्प बसू का? उघडलेल्या कन्सोलवर ऑनलाइन बंदी हवीच. यात चर्चेला जागा नाही.

ईशा_गेमदेव

पुण्यात सहा जणांची आमची टीम आहे, कन्सोलसाठी गेम करतो. त्यामुळे माझा कल कुठे असेल ते उघड आहे, पण आधी एक दुरुस्ती.

डबादादा, तुमचा क्रम अर्धाच आहे. पीएस३चा हायपरव्हायझर, म्हणजे सगळ्यात आतला पहारेकरी प्रोग्रॅम, भेदल्याचं जॉर्ज हॉट्झ या हॅकरने जानेवारी २०१० मध्ये जाहीर केलं आणि तो रस्ता लिनक्सच्या सोयीतूनच गेला होता. सोनीने सोय काढली ती त्यानंतर. म्हणजे कंपनी उगाच पिसाळली नव्हती. अर्थात त्याच्याही आधी, सप्टेंबर २००९ च्या स्लिम मॉडेलमध्ये ती सोय दिलीच नव्हती, हेही खरं. तेव्हा कोणी आधी खोडी काढली यावर दोन्ही बाजूंनी भांडता येईल.

पण एका बाबतीत मी तुमच्या बाजूने आहे. ज्या गोष्टीची जाहिरात करून यंत्र विकलं, ती पैसे घेतल्यावर काढून घेणं चूकच. अमेरिकेत त्यावर खटला चालला आणि २०१८ च्या तडजोडीत जुन्या पीएस३ मालकांना माणशी ६५ डॉलरपर्यंत भरपाई कबूल झाली. आठ वर्षांनी.

आता पायरसी. आमचा मागचा गेम आला त्याच आठवड्यात फुकट फिरत होता. सहा माणसांचे पगार त्यावर होते. म्हणून "कुलूपच नको" असं कोणी म्हणालं की मला ते लागतं. कुलूप हवं. पण सोल्डरदादा म्हणतात तो सरळ दरवाजाही हवा, आणि तो बांधता येतो. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स वन कन्सोलमध्ये २०१६ पासून 'डेव्हलपर मोड' आहे. दुकानातून आणलेलाच कन्सोल. एकदा नोंदणी करायची, यंत्र त्या मोडमध्ये पुन्हा सुरू करायचं आणि स्वतःचा प्रोग्रॅम चढवायचा. त्या मोडमध्ये विकतचे गेम चालत नाहीत. गेम खेळायचे तर परत नेहमीच्या मोडमध्ये यायचं. दोन खोल्या, मधे भिंत. तो साप आज असता तर पहिल्या खोलीत आरामात सरपटला असता आणि माझा गेम दुसऱ्या खोलीत सुरक्षित राहिला असता.

आणि एक्सबॉक्स वन वर्षानुवर्षं फुटला नाही. त्याची सुरक्षा घडवणाऱ्या इंजिनिअरने २०१९ मध्ये व्याख्यानात ती सगळी रचना समजावून सांगितली होती. हौशी लोकांना त्यांची जागा दिली की ते चोरांच्या कामाला लागत नाहीत, हा त्या रचनेचाच भाग. माझ्या मते धाग्याच्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

चिंचपोकळी_चॅम्प

आलो. +१ ईशाताईंना.

बर्लिनचा विषय निघालाय तर त्यातली गंमत सांगतो, कारण ती दहावीच्या बीजगणिताची आहे. कन्सोल फक्त कंपनीची 'सही' असलेला प्रोग्रॅम चालवतो. ही सही करताना दर वेळी एक नवा, कोणालाही न कळणारा आकडा वापरायचा असतो. सोनीने दर वेळी तोच आकडा वापरला होता. आता दोन सह्या शेजारी मांडा : समीकरणं दोन, अज्ञात दोन, एक तो आकडा आणि एक कंपनीची गुप्त किल्ली. 'दोन चलांतील रेषीय समीकरणे', पहिलाच धडा! किल्ली हातात. ती जगजाहीर झाल्यावर सोनीने जानेवारी २०११ मध्ये हॉट्झवर दावा लावला, वसंतात तो मिटला. पण किल्ली काही परत तिजोरीत गेली नाही. दाव्याने गणित मागे घेता येत नाही.

रँक्ड_रघू

आणि लगेच एप्रिल २०११ मध्ये प्लेस्टेशन नेटवर्क ही सोनीची ऑनलाइन सेवा तीन आठवड्यांहून जास्त बंद, ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती धोक्यात. ते कोणी भोगलं? आम्ही.

चिंचपोकळी_चॅम्प

रघूभाऊ, ती घुसखोरी सर्व्हरमधली होती. कन्सोलवर लिनक्स चालवणारा आणि सर्व्हर फोडणारा एकच असं धरून चालू नका. धाग्याचा मुद्दाच तो आहे.

ओसाकावासी

इथे ओसाकाच्या निप्पोनबाशीत जुन्या गेमच्या कॅसेटची दुकानं आहेत, शनिवारी चक्कर असते. काचेच्या कपाटात निंटेंडोच्या १९८३ च्या फॅमिकॉम कन्सोलच्या कॅसेट, प्रत्येकीवर किमतीची चिठ्ठी. शेजारी चालू टीव्ही. एक आजोबा नातवाला उडी कधी मारायची ते दाखवत होते. म्हणून ही मागणी 'लाड' वाटत नाही.

जुनं नव्यावर चालवण्याचा प्रश्न कंपन्यांनी पूर्वी किती प्रेमाने सोडवला होता ते बघा. निंटेंडोच्याच गेम बॉय ॲडव्हान्स या हातात धरायच्या यंत्राच्या खाचेत एक इवलंसं बटण असतं. जुन्या गेम बॉयच्या कॅसेटचा आकार वेगळा, ती घातली की तिच्या कडेने ते बटण दाबलं जातं आणि यंत्र जुन्या पद्धतीवर, जुन्या व्होल्टेजवर जातं. खेळणाऱ्याला काही करावं लागत नाही. त्यांच्या पुढच्या यंत्रांतही तेच : डीएसवर ॲडव्हान्सच्या कॅसेट चालल्या, थ्रीडीएसवर डीएसच्या, वी वर गेमक्यूबच्या डिस्क. स्विचने २०१७ मध्ये ती साखळी तोडली आणि जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ ने निदान एक कडी जोडली, स्विचचे बहुतेक गेम त्यावर चालतात.

दुसरी बाजूही त्याच कंपनीची. २७ मार्च २०२३ ला थ्रीडीएस आणि वी यू यांच्या ऑनलाइन दुकानातली खरेदी बंद झाली. जे गेम फक्त डाउनलोडने मिळत त्यांतले बरेच आता पैसे देऊनही मिळत नाहीत. ईशाताई, पैसे द्यायला तयार असलेल्या माणसाला तुम्ही दुकान बंद आहे म्हणालात, तर त्याने कुठे जावं?

गिरगावकरीण

मी गेमर नाही, धाकटा भाऊ घरी होता तेव्हा दोन वर्षं खेळले. पण माझी गोष्ट इथे बसते.

आमच्या चाळीत पीएस२ एकच, आमच्याकडे. मे महिन्याच्या सुट्टीत एका क्रिकेटच्या गेममध्ये आम्ही आख्ख्या चाळीची टीम भरली होती. एकेक अक्षर रिमोटने निवडत. बंड्या, सुहास, पमी, दोन नंबरच्या खोलीतला चिंट्या. बारावा खेळाडू म्हणून कुलकर्णी आजोबा, कारण ते आरडाओरड्यावर ओरडायला यायचे आणि ओव्हर संपेपर्यंत दारात उभे राहायचे. हे सगळं ८ एमबीच्या मेमरी कार्डात.

चाळ पुनर्विकासाला गेली. लोक विरारला, बदलापूरला, एक जण कॅनडात. तीन वर्षांपूर्वी कार्ड लावलं तर कधी दिसे, कधी नाही. ऑफिसमधल्या एका मुलाने होमब्रूचा फाइल मॅनेजर असलेलं दुसरं कार्ड आणून लावलं. पडद्यावर साध्या निळसर चौकटीत फाइलींची यादी आली. आमची फाइल निवडली, 'कॉपी', मग पेनड्राइव्हमध्ये 'पेस्ट'. अर्धा मिनिटही लागलं नसेल. मी पडद्याला हात लावून बघितलं. आता ती फाइल लॅपटॉपवर आहे आणि एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडते. व्हॉट्सॲप ग्रुपवर टीमचा फोटो टाकला तेव्हा चिंट्याने कॅनडातून पहाटे फोन केला.

मी यात कोणाचं काय चोरलं? मला हे कंपनीने द्यायला हवं होतं, एका अनोळखी हौशी माणसाने लिहिलेल्या प्रोग्रॅमने नाही.

माळ्यावरचा_डबा

ताई, वाचून थांबलो दोन मिनिटं. माझी दोन कार्डं आत्ता टेबलावर आहेत.

चिंचपोकळी_चॅम्प

गिरगावकर ताई, फक्त माहितीसाठी : पीएस३साठी सोनीचा मेमरी कार्ड ॲडॅप्टर मिळायचा, पीएस२चं कार्ड लावून सेव्ह आत घेता यायचे. म्हणजे कंपनीला गरज कळली होती. पण तेवढ्यासाठी पीएस३ घ्यायचा, आणि तिथून फाइल पुढे लॅपटॉपवर साध्या रूपात मिळायची नाही. तुमच्या ऑफिसातल्या मुलाचा मार्गच बरा.

सातारचा_वकील

कायद्याबद्दल दोन ओळी, कारण ताईंनी चोरीचा प्रश्न विचारलाय.

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं. तांत्रिक कुलूप तोडणं हा गुन्हा, शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण त्यात कळीचे शब्द आहेत : कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने. हेतू तो नसेल तर कलमाची धार तिथेच बोथट होते. शिवाय कलम ५२ मध्ये कायदेशीर प्रत जवळ असलेल्याला संगणक प्रोग्रॅमची सुरक्षा-प्रत करण्याची मुभा आहे. स्वतःच्या क्रिकेट टीमची सेव्ह फाइल पेनड्राइव्हवर घेणाऱ्या ताईंनी निवांत झोपावं. शंभर रुपयांच्या डिस्क विकणाऱ्याला हा दिलासा नाही.

अमेरिकेत उलट आहे. तिथे कुलूप तोडण्यालाच मनाई आणि दर तीन वर्षांनी अपवाद मागावे लागतात. कन्सोलची बिघडलेली डिस्क ड्राइव्ह दुरुस्त करायला कुलूप ओलांडण्याचा अपवाद मिळाला तो २०२१ मध्ये. स्वतःच्या यंत्राची ड्राइव्ह बदलायला परवानगी लागावी, हे मला वकील असूनही पचत नाही.

रँक्ड_रघू

गिरगावकर ताईंची गोष्ट वाचून माझं पहिलं वाक्य जरा मागे घेतो. ऑनलाइन बंदी हवी, यावर ठाम. पण यंत्रच निकामी करणं? निंटेंडोने मे २०२५ मध्ये अमेरिकेतला करार बदलला. नियम मोडले तर यंत्र कायमचं वापरण्यायोग्य राहणार नाही, असं करण्याचा हक्क त्यात आहे. हे जास्त होतं. मैदानातून काढा, घरातली बॅट जाळू नका.

माझ्या भाच्याने सेकंडहँड कन्सोल घेतला (कंपनीचं नाव घेत नाही). घरी आणून लावला तर आधीच्या मालकाच्या करणीमुळे ऑनलाइन बंद. विकणारा फोन उचलत नाही. आठ महिने साठवलेले पैसे होते पोराचे.

ओसाकावासी

रघूभाऊ, वाईट झालं. यंत्रावर बंदी आहे की नाही हे विकत घेण्याआधी अनुक्रमांक टाकून बघता यायला हवं. चोरीच्या मोबाइलचं आपण भारतात तपासू शकतो, मग हे का नाही?

ईशा_गेमदेव

ही सूचना मी उचलून धरते. करायला अवघड नाही.

ओसाकादादांच्या प्रश्नाला उत्तर देते. दुकान बंद असताना माणसाने कुठे जावं? माझ्याकडे पटेल असं उत्तर नाही. जुने गेम आणणं फक्त तांत्रिक काम नसतं. एक्सबॉक्स ३६०चा प्रोसेसर वेगळ्या घराण्यातला, एक्सबॉक्स वनचा वेगळ्या. तरी ३६०चे गेम वनवर चालवायचं मायक्रोसॉफ्टने जून २०१५ मध्ये जाहीर केलं आणि करून दाखवलं. जुनी डिस्क घातली की ती फक्त मालकीचा पुरावा. गेमची नव्या यंत्रावर चालणारी प्रत इंटरनेटवरून येते, वेगळे पैसे नाहीत. पण प्रत्येक गेमला प्रकाशकाची परवानगी लागते. गाण्याचा करार संपलेला, खेळाडूंच्या नावांचा संपलेला, कुठे प्रकाशकच बुडालेला. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांनी ७० हून जास्त गेमची शेवटची खेप आणली आणि आता यापुढे कायद्याच्या, परवान्यांच्या नि तंत्राच्या मर्यादेमुळे जाता येत नाही असं सांगितलं.

अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासात २०१० पूर्वीचे तिथले ८७ टक्के गेम आज बाजारात विकत मिळत नाहीत असं निघालं. त्यात असे कित्येक करारात अडकलेले असणार. म्हणून आम्ही सहा जणांनी ठरवलंय : पुढच्या गेमच्या संगीताचा करार मुदतीचा करायचा नाही. थोडे जास्त पैसे गेले. जाऊ देत. वीस वर्षांनी कोणाच्या पुतण्याने डिस्क घातली तर माझ्या बाजूने अडायला नको.

सोल्डर_वायर

ईशाताई, हे वाचून फार बरं वाटलं. गेम आला की इथे सांगा, विकत घेणार. पूर्ण किमतीला.

चिंचपोकळी_चॅम्प

अवांतर : निंटेंडोचा वी कन्सोल फोडणाऱ्या गटाचं नाव 'ट्वीझर्स'वरून पडलं, कारण त्यांनी बोर्डावरच्या दोन बिंदूंना चक्क चिमटा टेकवून मेमरीतली किल्ली बाहेर काढली होती. आणि २००८ मध्ये होमब्रूचं दार उघडलं ते झेल्डा मालिकेतल्या एका गेममधल्या घोडीला प्रमाणाबाहेर लांब नाव देऊन! नाव मावेना, यंत्र गडबडलं, आपला प्रोग्रॅम घुसला. त्या गटाने आपल्या इन्स्टॉलरवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की हे फुकट आहे, पैसे दिले असतील तर तुम्हाला फसवलंय. चोरांबद्दल त्यांनाही रागच होता.

आणि मूळच्या एक्सबॉक्सवर हौशी लोकांनी २००२ च्या सुमारास सुरू केलेला मीडिया प्लेअर म्हणजे आजचं 'कोडी' हे ॲप. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या टीव्हीवर असेल.

माळ्यावरचा_डबा

सगळ्यांचे आभार. ईशाताई, क्रमाची दुरुस्ती मान्य. मूळ प्रश्नावर माझं मत तरी बदललं नाही, धारदार झालं : दोन खोल्या द्या, बंदी ऑनलाइनपुरती ठेवा, विकलेली सोय काढू नका, आणि जिथे कंपनीला स्वतः जुना गेम विकायचा नाही तिथे जुन्या डिस्कच्या मालकाला अडवू नका. शेवटच्या मुद्द्यावर ईशाताई भांडतील.

ईशा_गेमदेव

भांडेन. "विकायचा नाही" हे कोणी ठरवायचं? दोन वर्षं बाजारात नसलेला गेम आम्ही तिसऱ्या वर्षी नव्याने आणू शकतो. मुदत ठरवा, मग बोलू. दहा वर्षं म्हणालात तर मी सही करते.

माळ्यावरचा_डबा

दहा चालतील.

बाकी, जुनं मशीनही माळ्यावरच सापडलं. दिवा लागतो, डिस्क फिरते, आणि "डिस्क वाचता येत नाही" येतं. पुतण्या रोज शाळेतून आला की विचारतो.

सोल्डर_वायर

फिरते म्हणजे मोटर जिवंत आहे. लेन्सवर धूळ नाहीतर रेलवरचं ग्रीस वाळलेलं. स्वतः उघडू नका, लेन्सची पट्टी कागदाएवढी पातळ असते, ओढली की गेली. रविवारी ११ ला घेऊन या, आता माझं दुकान डोंबिवलीत आहे. पत्ता व्यक्तिगत संदेशात पाठवतो. पुतण्यालाही आणा, भिंग त्याच्या हातात देतो. आणि ती दोन कार्डं विसरू नका, आधी त्यांची कॉपी करू.

गिरगावकरीण

कार्डांवर काय निघतं ते इथे नक्की सांगा.